लेनिन ते किसिंजर, वाईमार्गे

जानेवारी १९२४ मध्ये लेनिन वारले, तेव्हा पुढे अध्यक्ष निक्सन यांच्या काळात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री झालेले हेन्री किसिंजर बव्हेरियातल्या फ्युर्थ गावी पाळण्यात होते. वय जेमतेम आठ महिने. या दोघांना ओळखीच्या माणसांनी जोडायचं ठरवलं तर मध्ये कितीजण लागतील? एक रस्ता सातारा जिल्ह्यातून जातो आणि त्यावर तीनच माणसं उभी आहेत.

पहिले मानवेंद्रनाथ रॉय. बंगालचे क्रांतिकारक, मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. पहिल्या महायुद्धात जर्मन शस्त्रं मिळवायला म्हणून १९१५ साली देशाबाहेर पडले, ते फिरत फिरत अमेरिकेत पोचले. तिथं धरपकड सुरू झाल्यावर सीमा ओलांडून मेक्सिकोत गेले. मेक्सिकोत त्यांना मिखाईल बोरोदिन हा बोल्शेविक भेटला आणि १९१९ मध्ये तिथला कम्युनिस्ट पक्ष उभा करण्यात रॉय पुढे होते. म्हणून १९२० साली कम्युनिस्ट इंटरनॅशनल या जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या दुसऱ्या अधिवेशनाला हा बंगाली माणूस चक्क मेक्सिकोचा प्रतिनिधी म्हणून गेला. वसाहतींच्या प्रश्नावर लेनिन यांच्या मसुद्याला त्यानं आपला पुरवणी मसुदा जोडला. लेनिन यांनी तो नुसता ऐकून घेतला नाही, दुरुस्त्या करून अधिवेशनापुढे येऊ दिला.

दुसरे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. वाईच्या प्राज्ञपाठशाळेतले पंडित. रॉय १९३१ मध्ये मुंबईत पकडले गेले आणि १९३६ च्या नोव्हेंबरात सुटले. त्यानंतर तर्कतीर्थ त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांत आले. तिसरे यशवंतराव चव्हाण. तरुणपणी तेही रॉय यांच्या विचारांकडे ओढले गेले होते. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी साहित्य संस्कृती मंडळ तर्कतीर्थांच्या हाती सोपवलं. पुढे चव्हाण परराष्ट्रमंत्री झाले आणि १९७४ च्या ऑक्टोबरात किसिंजर दिल्लीला आले तेव्हा भारत-अमेरिका संयुक्त आयोग ठरला. त्याचे सहअध्यक्ष किसिंजर आणि चव्हाण.

हाच सगळ्यांत जवळचा रस्ता, असं मात्र समजू नका. आर्मंड हॅमर हा अमेरिकी व्यापारी १९२१ मध्ये लेनिन यांना भेटला आणि १९९० पर्यंत जगला. मधल्या काळात निक्सनपासून रेगनपर्यंत अमेरिकी अध्यक्षांच्या वर्तुळात त्याची ये-जा होती. एकच दीर्घायुषी माणूस, आणि लेनिन ते रेगन अंतर दोन कड्यांचं!

असल्या खेळाची कल्पना जुनी आहे. हंगेरीचे लेखक फ्रिजेश कारिंथी यांनी १९२९ च्या एका कथेत तो मांडला. पृथ्वीवरच्या कुठल्याही माणसापर्यंत पाच मध्यस्थांत पोचता येईल, अशी त्यातली पैज. स्वीडनच्या लेखिका सेल्मा लागरलॉफ यांच्यापर्यंत पोचायला कथेतला माणूस राजालाच मधे घेतो. राजा गुस्ताव टेनिस खेळायचे, त्यांच्याशी हंगेरीचा टेनिसपटू केर्लिंग खेळला होता, आणि केर्लिंग याच्या ओळखीचा.

कारिंथींचा आकडा कल्पनेतला होता. मोजायला बसले ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रॅम, १९६० च्या दशकात. बॉस्टनमध्ये काम करणारा एक शेअर दलाल हे मुक्कामाचं ठिकाण. नेब्रास्का आणि बॉस्टनमधल्या २९६ लोकांना सांगितलं की, त्याला ओळखत असाल तर पाकीट थेट पाठवा, नाहीतर आपल्या प्रत्यक्ष ओळखीतल्या अशा कुणाला तरी पाठवा जो त्याला ओळखण्याची शक्यता जास्त. २१७ जणांनी पाकीट पुढे धाडलं. पोचली ६४. पोचलेल्या साखळ्यांत सरासरी ५.२ मध्यस्थ होते. हा आकडा जगभर गाजला, न पोचलेल्या पाकिटांकडे फारसं कुणी पाहिलं नाही. मला त्यातली दुसरीच गोष्ट आवडते: पोचलेल्या ६४ पैकी १६ पाकिटं दलालाच्या गावातल्या एकाच कापड व्यापाऱ्याच्या हातून आली. गावोगाव असा एक माणूस असतोच.

पण साखळ्या इतक्या आखूड का? सोपं उत्तर गुणाकाराचं. माझ्या ओळखीची शंभर माणसं, त्यांच्या प्रत्येकी शंभर, असं पाच वेळा केलं की १,००० कोटी होतात, म्हणजे सगळं जग संपून वर शिल्लक. हे उत्तर चूक आहे. माझ्या मित्राचे मित्र बहुतेक माझेच मित्र असतात. ओळखी घोळक्यानं राहतात, आणि घोळक्यात गुणाकार चालत नाही.

या अडचणीतून वाट काढली डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी, १९९८ मध्ये. त्यांचं गणित पंगतीवर मांडता येईल. १,००० माणसं गोल बसली आहेत. प्रत्येकजण फक्त डावीकडच्या पाच आणि उजवीकडच्या पाच जणांना ओळखतो. समोरच्या टोकाला निरोप न्यायला १०० पावलं लागतात, सरासरी अंतर पन्नासच्या आसपास. आता एकूण ५,००० ओळखींपैकी शंभरात एखादी तोडा आणि तिचं एक टोक पंगतीत कुठेही नेऊन बांधा. घोळके जवळपास जसेच्या तसे राहतात, पण सरासरी अंतर धाडकन कोसळतं. सगळ्याच ओळखी अशा विस्कटल्या तर ते तीनच्या आसपास येतं. मात्र बहुतेक घसरण पहिल्या थोड्याशा आडव्या धाग्यांनीच घडवलेली असते. वॉट्स आणि स्ट्रोगॅट्झ यांना हाच आकार सिनेनटांच्या जाळ्यात, अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या वीजवाहिन्यांत आणि एका इवल्या कृमीच्या मज्जासंस्थेतही दिसला.

राजकारण हे तर घोळक्यांचंच क्षेत्र. मंत्री मंत्र्यांना भेटतात, एका पक्षाचे लोक एकाच सतरंजीवर बसतात. आडवा धागा तिथं कोण टाकतं? पुष्कळदा परागंदा माणूस. रॉय देश सोडून बाहेर पडले नसते तर ते कलकत्त्याच्या घोळक्यातच राहिले असते. बोरोदिन पुढे चीनमध्ये सुन यत्-सेन यांचे सल्लागार झाले, त्यामुळे वाई ते सुन यत्-सेन हे अंतरही तीनच कड्यांचं भरतं. कधी धागा टाकतो पुरोहित. गांधीजींचे चिरंजीव देवदास आणि राजाजींच्या कन्या लक्ष्मी यांचं लग्न १९३३ मध्ये पुण्यात लागलं, ते लावलं तर्कतीर्थांनीच. त्यामुळे कम्युनिस्टविरोधी स्वतंत्र पक्षाचे संस्थापक राजाजी आणि लेनिन यांच्यातही दोनच मध्यस्थ उरतात. राजाजींना हे सांगायची हिंमत कुणी केली असती का, कोण जाणे.

आता एक अडचण, आणि ती मोठी आहे. लेनिन १९२४ मध्ये गेले, तर्कतीर्थ रॉय यांच्याजवळ आले ते १९३६ नंतर. म्हणजे लेनिन यांचा एखादा शब्द रॉय यांच्या मार्फत वाईला येऊ शकत होता, वाईचा निरोप लेनिन यांना कधीच जाऊ शकत नव्हता. कागदावर कडीला दोन टोकं असतात, काळात मात्र तिला दिशा असते. साथीचा प्रसार अभ्यासणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं: तुम्हाला लागण होण्याआधी तुम्ही ज्याला भेटलात, त्याला त्या भेटीतून लागण होत नाही. आमची साखळी सुदैवानं क्रमानं लागली आहे, १९२०, मग १९३६ नंतर, मग १९७४. लेनिनकडून किसिंजरकडे ती वाहते. उलट दिशेनं ती नुसती ओळीत मांडलेली नावं आहेत.

दुसरा प्रश्न, कडी म्हणायचं कशाला? टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली, मुंबईचे गिरणी कामगार संपावर गेले आणि लेनिन यांनी त्याच वर्षी त्यावर लिहिलं. म्हणून टिळक आणि लेनिन जोडले गेले असं म्हणणारे भेटतात. मी ती कडी धरणार नाही. दखल घेणं म्हणजे ओळख नव्हे, नाहीतर वर्तमानपत्र वाचणारा प्रत्येकजण पंतप्रधानांपासून एका पावलावर येईल. टिळकांना जोडायचंच तर मार्क्सशी जोडा. टिळक दादाभाई नौरोजींना ओळखत, दादाभाई लंडनच्या हेन्री हिंडमनना, आणि हिंडमन १८८० च्या सुमारास मार्क्स यांच्या घरी जात असत, भांडण होईपर्यंत.

कडी खरी असली तरी ती किती भार पेलते, हे अंतरावरून कळत नाही. जुलै १९१४ च्या अखेरीस जर्मनीचे कैसर विल्हेल्म आणि रशियाचे झार निकोलस एकमेकांना इंग्रजीतून तारा करत होते, खाली सही 'विली' आणि 'निकी'. विल्हेल्म आणि झारची पत्नी, दोघं व्हिक्टोरिया राणीची नातवंडं. अंतर एक. १ ऑगस्टला जर्मनीनं रशियाविरुद्ध युद्ध पुकारलं.

याच्या उलट उदाहरण एका प्रयोगशाळेतलं. डोरोथी हॉजकिन या ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत. १९४० च्या दशकात त्यांच्या हाताखाली एका विद्यार्थिनीनं ग्रॅमिसिडिन एस या प्रतिजैविकाच्या स्फटिकांवर काम केलं. ती पुढे मार्गारेट थॅचर म्हणून ओळखली गेली. डोरोथी यांचे पती थॉमस हॉजकिन आफ्रिकेचे इतिहासकार. अध्यक्ष एन्क्रुमा यांच्या घानात ते आफ्रिकी अभ्यास संस्थेचे संचालक होते, आणि १९६४ च्या नोबेलची बातमी डोरोथी यांना घानातच कळली. थॅचर ते एन्क्रुमा, मध्ये एक नवरा-बायको. डोरोथी डाव्या विचारांच्या, पतीच्या कम्युनिस्ट संबंधांमुळे १९५३ मध्ये अमेरिकेनं त्यांना व्हिसा नाकारलेला. अण्वस्त्रांविरुद्धच्या पगवॉश परिषदेच्या त्या १९७६ पासून बारा वर्षं अध्यक्ष होत्या. त्याच काळात जुनी विद्यार्थिनी ब्रिटनची पंतप्रधान झाली. सोव्हिएत रशियाशी बोललं पाहिजे, हे सांगायला बाई तिच्याकडे गेल्या. दोघींचं राजकारण शेवटपर्यंत जुळलं नाही, पण डाउनिंग स्ट्रीटच्या घरात थॅचर यांनी आपल्या शिक्षिकेचं चित्र लावून ठेवलं होतं.