हौशी रॉकेट इंजिन आणि कायदा (सोलापूर)

छंद म्हणून रॉकेट इंजिन बनवणे व पेटवून पाहणे यासाठी भारतात वेगळा कायदा नाही. मुख्यतः लागू होतो तो १८८४ चा विस्फोटक अधिनियम. त्याच्या व्याख्येत ‘रॉकेट’ हा शब्द आहे, पण शोभेची दारू, वाती आणि काडतुसांच्या रांगेत. त्यामुळे सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावरच्या दारूकामात सुटणारा बाण आणि अभियांत्रिकीच्या मुलांचे इंजिन कायद्याने एकाच पंगतीला बसवले आहेत.

‘उडवलेच नाही, स्टँडला आवळून नुसते पेटवले’ हा बचाव चालत नाही. परवाना इंधनाचे मिश्रण तयार करण्यालाच लागतो. विनापरवाना निर्मितीला कलम ९ब खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हेतूविषयी संशय आला तर १९०८ चा स्फोटक पदार्थ अधिनियम लागतो. तो कितीतरी कडक आहे, आणि हेतू कायदेशीर होता हे दाखवण्याची जबाबदारी बाळगणाऱ्यावर टाकतो.

सोलापुरात घोळ होतो तो इथेच. डाळिंब-द्राक्षाच्या या पट्ट्यात ‘तेरा-शून्य-पंचेचाळीस’ची पिशवी कोणत्याही कृषी सेवा केंद्रात मिळते. ते पोटॅशियम नायट्रेट. ठिबकमधून सोडले तर खत. जळाऊ पदार्थात मिसळून इंजिनात भरले की विस्फोटक. पिशवीची पावती मिश्रणाचा परवाना ठरत नाही.

विस्फोटक नियम २००८ नुसार एका वेळी १५ किलोपर्यंत शोभेची किंवा बंदुकीची दारू बनवण्याचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात. त्यापुढचे काम पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेकडे. तिचे मुख्यालय नागपूरला. ही सगळी मांडणी कारखानदार डोळ्यासमोर ठेवून केलेली आहे, विद्यार्थी नव्हे. द्रव इंधनाच्या इंजिनाला ऑक्सिजनसाठी गॅस सिलिंडर नियम २०१६ आणि रॉकेलसाठी १९३४ चा पेट्रोलियम अधिनियमही पाहावा लागतो. अमेरिकेत मात्र १२५ ग्रॅमपर्यंत इंधनाची आणि १,५०० ग्रॅमपर्यंत वजनाची छोटी रॉकेटे हवाई वाहतूक नियमांत वेगळी काढली आहेत.

जागेचा प्रश्न वेगळाच. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ सपाट, निर्मनुष्य, चाचणीला जणू आखूनच ठेवलेला. पण ते १९७९ पासूनचे माळढोक अभयारण्य आहे आणि तिथे १९७२ चा वन्यजीव अधिनियम लागतो. होटगी रस्त्याच्या बाजूला विमानतळ. तिथल्या विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची उंच चिमणी जून २०२३ मध्ये पाडली गेली. त्या परिसरात रॉकेटला आकाश मोकळे मिळेल ही आशा नको.

सोड्याची बाटली, पाणी आणि सायकलचा पंप यांवर उडणारे पाण्याचे रॉकेट मात्र विस्फोटक अधिनियमात येत नाही. त्यात काही जळतच नाही.