जनस्रोत, भाषाअध्यापनातील (पुणे)

भाषा शिकवण्यासाठी लागणारे शब्दार्थ, उदाहरणवाक्ये, ध्वनिमुद्रणे, स्वाध्याय आणि चाचण्या एका लेखकाकडून किंवा मंडळाकडून न घेता, खुल्या आवाहनाला प्रतिसाद देणाऱ्या अनेकांकडून थोडेथोडे करून घेण्याची पद्धत. शिक्षकांच्या बोलण्यात ‘क्राउडसोर्सिंग’ हा इंग्रजी शब्दच अधिक ऐकू येतो. पुष्कळदा काम चालू असते, पण त्याला नाव दिलेले नसते; ‘ग्रुपवर टाका’, ‘शीटमध्ये भरा’ एवढ्यावर भागते. प्रस्तुत नोंदीत या पद्धतीची पूर्वपीठिका आणि पुण्यातील भाषाशिक्षकांचा तिच्याकडे असलेला कल यांचा विचार केला आहे.

संज्ञा : ‘क्राउड’ आणि ‘आउटसोर्सिंग’ यांच्या जोडणीतून बनलेला मूळ इंग्रजी शब्द जेफ हाउ या अमेरिकन पत्रकाराने जून २००६ मध्ये ‘वायर्ड’ मासिकातील लेखात रूढ केला. त्याच मासिकाचे संपादक मार्क रॉबिन्सन यांच्याशी झालेल्या चर्चेत तो २००५ मध्येच सुचला होता, असेही सांगतात. छापील पुरावा २००६ चा असल्याने तेच वर्ष धरणे सोयीचे. पगारी माणसाने करायचे काम खुल्या आवाहनाद्वारे अनिश्चित व मोठ्या समुदायाकडे सोपवणे, हा हाउ यांच्या व्याख्येचा गाभा. पुढे व्याख्या इतक्या वाढल्या, की एस्तेयेस-आरोलास आणि गोन्सालेस या स्पॅनिश अभ्यासकांनी २०१२ मध्ये सुमारे चाळीस व्याख्या ताडून एक संयुक्त व्याख्या मांडली. काम देणारा आणि करणारा या दोघांचाही लाभ झाला पाहिजे, हे तिच्यात आवश्यक मानले आहे. वर्गात ही अट फार महत्त्वाची ठरते. विद्यार्थी स्वयंसेवक नसतो आणि अनोळखीही नसतो. त्याला गुण हवे असतात. म्हणून वर्गात करून घेतलेल्या कामाला जनस्रोत म्हणावे की नाही, यावर मतभेद आहेत. खुलेपणाची अट काटेकोर धरणारे ‘नाही’ म्हणतात. मात्र वर्गात तयार झालेले साहित्य वर्गाबाहेरच्यांना मिळत असेल आणि त्यात बाहेरच्यांना भर घालता येत असेल, तर संज्ञा लागू करण्यास हरकत दिसत नाही.

मराठी प्रतिशब्द अजून स्थिर झालेला नाही. ‘गर्दी’, ‘जमाव’, ‘झुंड’ या शब्दांत बेशिस्तीची छटा आहे. ‘लोकसहभाग’ हा शब्द शाळाखोली, बंधारा, पाणंद रस्ता अशा कामांनी आधीच व्यापला आहे, तर ‘लोकवर्गणी’ पैशाशी बांधलेली आहे. ‘समूहस्रोत’, ‘लोकस्रोत’ आणि ‘जनस्रोत’ यांपैकी तिसरा येथे घेतला आहे. या शब्दातच विषयाची मुख्य अडचण दिसते. ‘स्रोत’ हे रूप संस्कृत ‘स्रोतस्’वरून आले असून त्याचा धातू ‘स्रु’, म्हणजे वाहणे. मराठीत मात्र सरकारी परिपत्रकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत ‘स्त्रोत’ असे सर्रास छापले जाते. ‘स्तोत्र’, ‘स्त्री’ यांच्या ओढीने हा ‘त’ शिरला असावा. हजार माणसांकडून हा शब्द लिहून घेतला आणि बहुमताने निकाल दिला, तर अशुद्ध रूप शुद्ध ठरण्याचा मोठा संभव आहे. समुदाय वापराची साक्ष देतो, प्रमाणलेखनाचा निवाडा देत नाही. पुण्यातील शिक्षकांच्या बहुतेक शंका या एका भेदापाशी येऊन थांबतात.

पूर्वपीठिका : या पद्धतीचे आद्य उदाहरण म्हणून ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा दाखला नेहमी दिला जातो. लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीने १८५७ मध्ये ती कल्पना उचलली आणि १८७९ मध्ये संपादक जेम्स मरे यांनी वाचकांना अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठवण्याचे जाहीर आवाहन केले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाचाही (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) काही जण या परंपरेत समावेश करतात. त्याचे शब्द नेमलेल्या पंडितांनी जमवले होते. तेव्हा त्याला सामूहिक संकलन म्हणणे अधिक रास्त.

पुणे हे चिठ्ठ्यांचे शहर आहे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या संपादनाखाली ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात येथून निघाले. वऱ्हाडी, खानदेशी, गोमंतकी अशा प्रांतिक खुणांसह बोलींतील शब्द त्यात नोंदलेले आहेत. डेक्कन कॉलेजात सु. मं. कत्रे यांनी १९४८ मध्ये ऐतिहासिक तत्त्वांवरील संस्कृत महाकोशाचे काम सुरू केले. त्यासाठी सुमारे दीड हजार ग्रंथांतून काढलेल्या चिठ्ठ्यांची संख्या एक कोटीच्या घरात सांगितली जाते. चिठ्ठीवर शब्द असतो, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य असते आणि ग्रंथातले नेमके स्थळ असते. स्थळ नसलेली चिठ्ठी कोशकाराच्या कामाची नसते. हे काम प्रशिक्षित विद्वानांचे असल्याने ते जनस्रोत नव्हे. परंतु पुढे आलेल्या प्रत्येक खुल्या प्रकल्पाला जी शिस्त नव्याने शोधावी लागली, ती या लाकडी कपाटांत आधीपासून होती. भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणात (२०१० पासून, मुख्य संपादक गणेश देवी) सामान्य भाषकांचा सहभाग बराच वाढला. त्याचा महाराष्ट्र खंड अरुण जाखडे यांच्या संपादनाखाली पुण्याच्या पद्मगंधा प्रकाशनाने काढला.

यंत्रणा : जनस्रोताचे उघड व अनुस्यूत असे दोन प्रकार पाडता येतात. उघड प्रकारात माणसाला आपण भर घालत आहोत हे माहीत असते. २००६ मध्ये सुरू झालेल्या ‘तातोएबा’ या वाक्यसंग्रहात कोणीही वाक्य आणि त्याचे भाषांतर नोंदवू शकतो. मराठी वाक्यांचा साठाही तेथे मोठा आहे. मोझिलाच्या ‘कॉमन व्हॉइस’मध्ये (२०१७) वाक्य वाचून आवाज देता येतो आणि इतरांच्या दोन अनुकूल मतांनी ते मुद्रण ग्राह्य ठरते. केंद्र शासनाच्या ‘भाषिणी’ या उपक्रमातील ‘भाषादान’ याच धर्तीचे असून त्याचे सुनो, बोलो, लिखो आणि देखो असे चार भाग आहेत.

अनुस्यूत प्रकारात शिकणारा स्वाध्याय सोडवतो आणि त्याच्या उत्तरांतून भाषिक साधन घडत जाते. संगणकतज्ज्ञ लुइस फॉन आन यांच्या ‘रीकॅप्चा’त (२००७), म्हणजे संकेतस्थळावर आलेला माणूस आहे की यंत्र हे पारखणाऱ्या चाचणीत, दोन शब्द दाखवत. एकाचे उत्तर यंत्राला माहीत असे, दुसऱ्याचे नसे. माहीत असलेला शब्द बरोबर ओळखणाऱ्याचे दुसरे उत्तर विश्वासार्ह धरले जाई, आणि अशा अनेकांची उत्तरे जुळली की तो शब्द पक्का होई. त्यांच्याच ‘ड्युओलिंगो’ या भाषा शिकवणाऱ्या मंचाने आरंभी विद्यार्थ्यांकडून जालावरील मजकुराची भाषांतरे करून घेतली. पुढे २०१३ पासून स्वयंसेवकांनी तेथे अभ्यासक्रम रचले. ही स्वयंसेवी व्यवस्था २०२१ मध्ये बंद झाली.

मराठीत ही यंत्रणा कोठे अडते, ते दोन उदाहरणांवरून दिसेल. ‘जग’ हा शब्द दुनिया या अर्थी तालव्य ‘ज’ने उच्चारतात आणि ‘जगणे’चे आज्ञार्थी रूप म्हणून दंत्य ‘ज’ने. लेखनात दोन्ही सारखेच. मुद्रण तपासणाऱ्याने वाक्याचा अर्थ न पाहता फक्त अक्षरे जुळवली, तर चुकीचा उच्चार मंजूर होतो आणि परभाषक विद्यार्थ्याच्या कानी तोच पडतो. दुसरे उदाहरण ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांचे. पहिले गुरुजन, दुसरे स्वयंपाकी. आखूड रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांतला फरक कळफलकावर न साधल्याने टंकणारा पहिलेच रूप दोन्हीकडे वापरतो, आणि ‘लग्नाच्या जेवणासाठी आचार्यांना सांगितले’ असे वाक्य संग्रहात जाऊन बसते. मराठी भाषकाला संदर्भाने अर्थ कळतो, म्हणून त्याचा हात दुरुस्तीसाठी उठत नाही. शिकणाऱ्याला मात्र ते वाक्य आदर्श वाटते.

पुण्यातील वापर : शाळा, परकीय भाषांचे वर्ग आणि बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवणारे वर्ग अशी तीन क्षेत्रे दिसतात. शालेय क्षेत्रात बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळाचे (स्थापना १९६७) पुस्तक केंद्रस्थानी आहे. पुस्तकांतील क्यूआर कोडमार्गे ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचावरचे (२०१७) साहित्य उघडते आणि एप्रिल २०२० च्या ‘विद्यादान’ कार्यक्रमात त्या मंचासाठी शिक्षकांसह सर्वांकडून साहित्य मागवले गेले. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वरील (२०१५) मुक्त परवान्याच्या मराठी गोष्टी वाचनासाठी उपयोगी पडतात. मोबाइलवरील शिक्षकगटांत फिरणाऱ्या प्रश्नपत्रिका आणि कार्यपत्रिका या सगळ्यांपेक्षा अधिक वापरल्या जात असाव्यात. त्या कोणी केल्या हे मात्र दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतच पुसले जाते.

परकीय भाषांची पुण्यातील परंपरा विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग, मॅक्स म्यूलर भवन आणि आलियाँस फ्राँसेज यांच्याभोवती वाढली. तेथील विद्यार्थ्यांना जर्मन, फ्रेंच किंवा जपानीचे तयार साहित्य जगभरातून मिळते. त्यात भर घालण्याची निकड कमी. मराठी शिकवणाऱ्याची स्थिती उलटी आहे. प्रौढ परभाषकासाठी श्रेणीबद्ध मराठी साहित्य थोडे असल्याने जनस्रोताची खरी गरज याच वर्गांना आहे. दुकानात सुटे पैसे कसे मागाल, असे विद्यार्थ्यांनी शेजारीपाजारी विचारून यावे, असा स्वाध्याय दिला, की ‘सुट्टे आहेत का’, ‘चिल्लर आहे का’ आणि ‘मोड आहे का’ अशी तिन्ही उत्तरे येतात. सांगणारा मूळचा कुठला, हा रकाना तक्त्यात असेल तर हाच बोलीभूगोलाचा पहिला धडा होतो. रकाना नसेल तर विद्यार्थी विचारतो, ‘यातलं बरोबर कोणतं?’, आणि शिक्षकापाशी उत्तर नसते.

या संदर्भात २०११ चा प्रयोग महत्त्वाचा आहे. विकिमीडिया प्रतिष्ठानने पुण्यातील काही महाविद्यालयांत विकिपीडियालेखन अभ्यासक्रमाशी जोडले. प्रयोग इंग्रजी विकिपीडियाचा होता, भाषाविषयांपुरता नव्हता. शेकडो विद्यार्थ्यांचे लेखन एकाच वेळी आले. त्यात उतरवून घेतलेल्या, स्वामित्वहक्काचा भंग करणाऱ्या मजकुराचे प्रमाण मोठे निघाले. ते निस्तरण्याचा भार जगभरच्या स्वयंसेवी संपादकांवर पडला आणि नोव्हेंबरमध्ये प्रयोग थांबवण्यात आला. दोष विद्यार्थ्यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. दुसऱ्याचे वाचून आपल्या शब्दांत लिहिणे ही भाषेच्या तासाची गोष्ट आहे आणि ती बहुतेकांना कोणी शिकवलेलीच नव्हती. लिहिणारे बोलावताना चाळणारे किती लागतील याचा हिशोब झाला नाही. मराठी विकिपीडियावर (१ मे २००३ पासून) पुढे पुण्यात झालेल्या कार्यशाळांचे गट तुलनेने लहान होते.

शिक्षकांचा कल : या विषयावरील मोठे सर्वेक्षण युरोपातील आहे. भाषाशिक्षण आणि जनस्रोत यांची सांगड घालणाऱ्या ‘एनेटकलेक्ट’ या संशोधनजाळ्यातील अभ्यासकांनी तीसहून अधिक देशांत प्रश्नावली फिरवली; १,१२९ भाषाशिक्षकांची उत्तरे अंतिम नमुन्यात आली. अनेकांना संकल्पनाच अपरिचित होती आणि वर्गातील वापर कमी होता. तरीही इतर शिक्षकांबरोबर साहित्य तयार करण्याची आणि वाटून घेण्याची तयारी मोठ्या प्रमाणात दिसली. उत्तरे देणारे बहुतेक उच्चशिक्षणातले असल्याने ते निष्कर्ष जिल्हा परिषदेच्या शाळेला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

पुण्यात घेण्याची तयारी देण्यापेक्षा जास्त आहे, असे जे म्हटले जाते त्यामागे आळस नसून रोजगार आहे. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्याची टिपणे हीच त्याची पुंजी असते. ती सर्वांना खुली केल्यास पुढच्या वर्षी तास मिळतील का, ही धास्ती खरी आहे. शिवाय दुसऱ्याचे साहित्य तपासण्यात गेलेला वेळ कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही. जनस्रोताचे पुरस्कर्ते या श्रमाबद्दल फारसे बोलत नाहीत, ही उणीव गंभीर आहे.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. साहित्य महामंडळाचे १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार असे अठरा लेखननियम शिकवणाऱ्याला समुदायाकडून आलेले ‘आणी’, ‘परंतू’ सोसवत नाही. लेखनापुरती ही हरकत पूर्णपणे योग्य आहे. मात्र ती उच्चार, शब्दनिवड आणि बोलीरूपे यांनाही लावली जाते. पेठांमधले बोलणे तेवढे मराठी, असा समज विद्यार्थ्याच्या मनात रुजतो आणि हडपसरला किंवा भोसरीला ऐकलेले वाक्य तो चूक म्हणून खोडतो.

कायदेविषयक बाजू : स्वामित्वहक्क कायद्याच्या (१९५७) कलम ५२ मध्ये अध्यापनाच्या ओघात शिक्षकाने वा विद्यार्थ्याने केलेल्या प्रतींना सवलत आहे; पण ते साहित्य जालावर सर्वांसाठी खुले करणे म्हणजे अध्यापनाचा ओघ असे गृहीत धरता येत नाही. २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागते. मुलाचे ध्वनिमुद्रण नावासह मंचावर चढवण्यापूर्वी शाळेने याचा विचार करावा लागतो. ‘कॉमन व्हॉइस’वरील आवाज सार्वजनिक मालकीत जातात आणि तेथे नामनिर्देशाची अट नाही. ‘स्टोरीवीव्हर’वरील गोष्टींना मात्र ती आहे. वर्गासाठी गोष्टीची छापील प्रत काढताना लेखक, चित्रकार आणि भाषांतरकार यांची नावे असलेले शेवटचे पान कागद वाचवण्यासाठी गाळू नये.