जबड्याचा सांधा: चकती तिथेच, तरी तोंड उघडतं

कानाच्या भोकासमोर बोट ठेवून तोंड उघडा-मिटा. हाडाची गोटी पुढे सरकताना बोटाला लागते. ही गोटी आणि कवटी यांच्यामध्ये चिवट तंतूंची एक चकती असते. ती पुढे घसरली की जांभई देताना ‘कट्’ वाजतं. नुसता आवाज येतो, दुखत नाही, अशांनी दवाखान्याची पायरी चढायचंही कारण नाही. दुखत असेल तरी बहुतेकांना मऊ जेवण, शेक, व्यायाम आणि रात्री दातांवर बसवायची प्लेट एवढ्यानं बरं वाटतं.

अडचण येते ती तोंड अडकल्यावर. निरोगी माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं उभी मावतात, म्हणजे साधारण ४० मिलिमीटर. या रुग्णांना दोन बोटं घालतानाही कळ येते.

पूर्वी अशा वेळी सांधा उघडून चकती जागेवर शिवत. १९७५ मध्ये जपानच्या ओनिशी यांनी या इवल्याशा सांध्यात दुर्बीण घातली. मग असं दिसलं, की आतले चिकटे, म्हणजे एकमेकांना चिकटलेले पापुद्रे, सोडवून सांधा धुतला तरी पुष्कळांचं तोंड उघडतं, चकती पुढेच राहिली तरी! त्यावरून जेरुसलेमच्या दोरित नित्झान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये दुर्बीणही वगळली. कानासमोर दोन सुया टोचायच्या, एकीतून सलाइन आत, दुसरीतून बाहेर. चकतीच्या वरच्या कप्प्यात जेमतेम एक मिलिलिटर द्रव मावतो. त्यातून शंभर मिलिलिटर किंवा त्याहून जास्त सलाइन खेळवतात. दाह वाढवणारी रसायनं वाहून जातात आणि ओल्या काचांसारखी चिकटून बसलेली चकती मोकळी होते. काम बहुधा जागा बधिर करूनच उरकतं.

दुर्बिणीला सहसा पूर्ण भूल लागते, खर्चही जास्त. वेदना आणि तोंडाचं उघडणं या दोन्हींत तिचा निकाल धुण्यापेक्षा फार सरस असल्याचं अभ्यासांतून ठामपणे दिसत नाही. माझ्या मते आधी धुवावं. आतलं बघायचंच असेल किंवा चिकटे जुने असतील तरच दुर्बीण. धुतल्यावर हायलुरॉनिक आम्ल (सांध्याचं वंगण) किंवा रुग्णाच्याच रक्तातला प्लेटलेटयुक्त द्रव सोडतात. त्यानं किती जादा फायदा होतो यावर एकमत नाही. स्टेरॉइड वारंवार देणं कूर्चेला महागात पडू शकतं. आणि बोटॉक्स? ते चावण्याच्या स्नायूंसाठी. अडकलेल्या चकतीला त्याचा उपयोग नाही.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट आधी विचारावी लागते: गुटखा, सुपारी, मावा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारीमुळे गाल आतून कडक होऊन तोंड आक्रसलेले रुग्ण येतच असतात. त्यांचा सांधा कितीही धुतला तरी तोंड उघडणार नाही. तो आजार वेगळा, त्यातून कर्करोगाचाही धोका, म्हणून तपासणी गालाच्या आतून सुरू करावी लागते.