उरणचं वाफेचं टर्बाइन कोराडीसारखं का नाही

नागपुरात टर्बाइन म्हटलं की कोराडी नाहीतर खापरखेडा, म्हणजे कोळसा, बॉयलर आणि राख. त्यामुळे उरणसारख्या कम्बाइन्ड सायकलचं, म्हणजे गॅस टर्बाइनच्या गरम धुरावर वाफ करून तिच्यावर दुसरं टर्बाइन चालवायच्या पद्धतीचं, नाव काढलं की इथल्या इंजिनिअरिंगच्या पोरांनाही वाटतं की गॅस टर्बाइनच्या बाजूला आपलं कोराडीचंच टर्बाइन नेऊन बसवलं असेल, झालं. तसं नाहीये, आणि का नाही ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

वाफेचं टर्बाइन जुनं. चार्ल्स पार्सन्सनं १८८४ मध्ये चालवून दाखवलं, साडेसात किलोवॅटचं, आणि पुढे वीजघरात त्याचंच राज्य. गॅस टर्बाइन मात्र फार रडतखडत आलं. १९३९ ला स्वित्झर्लंडच्या न्यूशातेलमध्ये ब्राउन बोव्हेरीनं ४ मेगावॅटचं बसवलं, त्यात टर्बाइन १५ मेगावॅटच्या वर काढायचं आणि त्यातले ११ च्या वर त्याचाच हवा दाबणारा कॉम्प्रेसर खाऊन टाकायचा! एफिशियन्सी १७ टक्क्यांच्या आसपास, बाकी उष्णता आभाळात. तो गरम धूर बघून कोणीही म्हणेल, यावर पाणी तापवा ना बाप्पा. १९४९ ला अमेरिकेत, ओक्लाहोमातल्या बेल आइल स्टेशनात तेच झालं, पण साडेतीन मेगावॅटच्या गॅस टर्बाइनचा धूर फक्त वाफेच्या सेटचं फीडवॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, तापवायला. गॅस टर्बाइन अजून हेल्परच.

मग ब्लेडचे धातू सुधारले, ब्लेडच्या आतून हवा खेळवून त्यांना थंड ठेवायची युक्ती विमानाच्या इंजिनातून आली, जळणाचं तापमान चढत गेलं आणि धूरच साडेपाचशे-सहाशे डिग्रीचा निघायला लागला. एवढ्यावर वेगळं जळण न टाकता चांगली वाफ होते. इथं मालक बदलला. साधारण दोन तृतीयांश वीज गॅस टर्बाइनची, एक तृतीयांश वाफेची, आणि धुरातून जे मिळेल त्यावर वाफेच्या टर्बाइननं भागवायचं.

खरी गंमत इथे आहे. कोळशाच्या सेटमध्ये टर्बाइनला सहा-सात ठिकाणी एक्स्ट्रॅक्शन असतं, तिथली वाफ काढून फीडवॉटर हीटरला देतात, कारण पाणी जितकं गरम होऊन बॉयलरला जाईल तितका कोळसा वाचतो. म्हणजे वाफ पुढे जाता जाता कमी होते. कम्बाइन्ड सायकलमध्ये पाणी आधीच तापवून दिलं तर धुरातली शेवटची उष्णता घेणार कोण, ती गेली चिमणीतून. म्हणून कंडेन्सरचं, म्हणजे वापरलेली वाफ थंड होऊन झालेलं, पाणी जवळपास तसंच थंड वेस्ट हीट बॉयलरला (धुरावर चालणाऱ्या बॉयलरला) जातं. आणि मोठ्या प्लांटमध्ये तो बॉयलर एचपी, आयपी, एलपी (जास्त, मधलं, कमी) अशा तीन प्रेशरची वाफ बनवतो, त्यातली मधली आणि हलकी वाफ टर्बाइनला मधूनच आत सोडतात. म्हणजे इथं वाफ वाढत जाते, त्यामुळे तेवढ्याच मेगावॅटला टर्बाइनचं शेवटचं, एलपीचं टोक जास्त दांडगं लागतं. व्हॉल्व्हसुद्धा बहुतेक वेळ पूर्ण उघडेच, गॅस टर्बाइनचा लोड हलला की वाफेचं प्रेशर त्याच्यामागे वरखाली.

महाराष्ट्रात याचं नमुनेदार उदाहरण उरण. १९७४ ला बॉम्बे हायमध्ये तेल-गॅस सापडला, १९८०च्या दशकात उरणला गॅस टर्बाइन आले, आणि १०८ मेगावॅटच्या चार मशीनच्या धुरावर १२० मेगावॅटचे दोन वाफेचे सेट १९९४ ला लागले. जगात हीच जोडी पुढे इतकी सुधारली की २०१६ मध्ये फ्रान्सच्या बूशँ इथं ६२ टक्क्यांच्या वर एफिशियन्सी नोंदली गेली, कोळशाचे चांगले सेटही चाळिशीच्या आसपासच घुटमळतात.

मग आपल्याकडे सगळीकडे हेच का नाही? गॅस. दाभोळच्या कम्बाइन्ड सायकल प्लांटचा पहिला टप्पा १९९९ ला चालू झाला आणि २००१ ला बंद पडला, पण त्यात गॅसपेक्षा महाग विजेच्या कराराचा वाद मोठा होता. पुढे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या केजी-डी६ या समुद्रातल्या गॅससाठ्यावर भरवसा ठेवून प्लांट उभे राहिले आणि २०१० नंतर तिथलं उत्पादनच घसरलं, प्लांट बसून राहिले. नागपूरच्या आजूबाजूला मात्र वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्सच्या) कोळसाखाणी, तेव्हा कोराडीला नवे सेट लागले तेही ६६० मेगावॅटचे सुपरक्रिटिकल (फार जास्त दाबाच्या वाफेवर चालणारे), कोळशाचेच.