गाडी दोन इंच उंच, चाक तरी हवेतच

भाच्याने दिवाळीत आपल्या पिकअपला दोन इंची लिफ्ट किट बसवून घेतलं. मार्चमध्ये गाडी दारात उभी होती, तेव्हा पुढच्या रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसचा काळा फवारा दिसला. वाकून पाहिलं, तर चाकाला जोर पोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, म्हणजे बूट, फाटलेला. "नजर लागली, मामा," तो हसत म्हणाला. बंपरला लिंबू-मिरची होतीच. नजरेचा बंदोबस्त केला होता, कोनाचा राहिला होता.

त्याच्या गाडीला पुढे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे. प्रत्येक चाक आपापल्या दोन आर्मवर लटकतं आणि दोन्ही चाकांना जोर वाटून देणारं मधलं डिफरन्शियल चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, घट्ट बांधलेलं असतं. किट म्हणजे स्प्रिंगवर ठेवलेली धातूची जाड चकती. चासी वर गेली, तिच्याबरोबर डिफरन्शियलही गेलं, चाकं जमिनीवरच राहिली. मधला शाफ्ट तिरका झाला, जॉइंट सतत जास्त कोनात फिरू लागला आणि बुटाच्या घड्या एकमेकींवर घासल्या. पोट दगडाला लागत नाही हा फायदा खरा आहे. पण चाकाचा वरखाली होण्याचा एकूण पल्ला तेवढाच राहतो, आणि त्यातला खाली जाण्याचा वाटा गाडी नुसती उभी असतानाच खर्च होतो. मग खड्ड्यात चाक जमिनीपर्यंत पोचत नाही, हवेतच राहतं.

खाली जाण्याचं एवढं कौतुक का, हे कळायला डिफरन्शियलच्या आत डोकवावं लागेल. वळणावर बाहेरचं चाक जास्त धावतं, म्हणून हे यंत्र दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतं. हे बहुतेकांना ठाऊक असतं. त्याची दुसरी खोड मात्र फारसं कुणी सांगत नाही: वेग वेगळा असला, तरी टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, दोन्हीकडे सारखाच जातो. आतले छोटे गिअर तराजूच्या दांडीसारखे असतात. एका बाजूने विरोध केला नाही, तर दुसऱ्या बाजूवर जोर येणार कुठून? समजा एक चाक हवेत आहे आणि ते फिरवायला 20 न्यूटन-मीटर पुरतात. मग जमिनीवरच्या चाकालाही 20च मिळणार. इंजिन कितीही दांडगं असो, ते नुसतं ओरडतं. पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक एकदम उचललं गेलं, तर चारही चाकांना जोर देणारी फोर बाय फोर गाडीही जागच्या जागी चाकं फिरवत बसते.

पेडलने हलका ब्रेक दाबावा, असा सल्ला सर्रास मिळतो. हवेतल्या चाकाला विरोध मिळाला की दुसरीकडे जोर वाढतो खरा, पण तेवढाच जोर त्या चाकाचा स्वतःचा ब्रेक खाऊन टाकतो. हिशेब पुन्हा 20वरच. ट्रॅक्शन कंट्रोल फक्त घसरणाऱ्या चाकाचा ब्रेक दाबतं, म्हणून ते चालतं. लॉकर तर दोन्ही शाफ्ट सरळ एकमेकांना जखडून टाकतो.

तिसरा उपाय, चाक हवेत जाऊच न देणे. सॉलिड एक्सल म्हणजे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच ताठ नळकांडं. गाडीचा भार दोन चाकांच्या मधे, पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) असतो. एक टोक दगडावर चढलं, की दुसरं सीसॉसारखं खाली दाबलं जातं.

अमेरिकेत टोयोटाच्या फोर बाय फोर पिकअपला 1985पर्यंत पुढे असाच एक्सल होता. 1986पासून टॉर्शन बारचं, म्हणजे पिळून स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्याचं, इंडिपेंडंट सस्पेन्शन आलं. रस्त्यावर गाडी मऊ झाली, दगडांत चढणारे मात्र हिरमुसले. त्यांनी चासीचे नवे ब्रॅकेट कापून पाट्यांचे हँगर वेल्ड केले आणि 1979 ते 85चे जुने एक्सल शोधून बसवले. तिथेही काम संपत नाही. जुन्या स्टिअरिंगचा दांडा चासीला समांतर, पुढे-मागे ढकलणारा. पाटे वाकून एक्सल सरकला की स्टिअरिंग आपोआप वळतं, म्हणून दांडा आडवा करावा लागतो. 35 इंची टायर लावून पूर्ण वळवलेल्या चाकाला जोर दिला, तर एक्सलच्या टोकाचा सहा गोळ्यांचा बर्फील्ड जॉइंट तडकतो. मग क्रोमोलीचा, म्हणजे जास्त मजबूत मिश्र पोलादाचा, घालतात.

पण "सॉलिड एक्सल तीच खरी ऑफ-रोडर" हीसुद्धा एक अंधश्रद्धाच आहे. मेक्सिकोतल्या बाहा 1000 शर्यतीत सुसाट धावणाऱ्या ट्रॉफी ट्रकना पुढे बहुतेक इंडिपेंडंटच असतं. त्या वेगात जड एक्सल खाचखळग्यांमागे पुरेशा चपळाईने वरखाली होऊच शकत नाही.

आपल्याकडे तर मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं. नोंदणीपत्रातला तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही, आणि 2019मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं.

आम्ही बूट बदलला, चकत्या काढल्या. आता कच्च्या चढणीआधी भाचा पुढच्या स्वे बारच्या दोन्ही लिंक सोडतो. हा बार दोन्ही चाकांना एकमेकांशी बांधून ठेवतो. तो सुटला की चाक थोडं आणखी खाली पोचतं. डांबरी रस्ता लागण्याआधी लिंक परत जोडायच्या, नाहीतर वळणावर गाडी झुकते. मधल्या वेळात नट हरवू नयेत म्हणून तो ते लिंबू-मिरचीच्या तारेत ओवून ठेवतो.