पळणाऱ्याला घाबरू नका, पळून झाल्यावरच्या गप्पांना घाबरा

एप्रिल २०२० मधे, कोरोनाच्या साथीत, एक चित्र जगभर फिरलं होतं, बघितलं असेल तुम्हीही. पळणारा माणूस आणि त्याच्या मागे रंगीत ठिपक्यांचा लांबलचक ढग, म्हणजे त्याच्या तोंडातून उडालेले थेंब. बर्ट ब्लॉकेन नावाच्या इंजिनिअरच्या टीमचं ते कॉम्प्युटर सिम्युलेशन, त्यांचं म्हणणं असं की कुणाच्या बरोब्बर मागे भरभर चालत असाल तर ५ मीटर आणि पळत असाल तर १० मीटर अंतर ठेवा. झालं, जॉगर दिसला की लोकांच्या पोटात गोळा. पण ही टीम हवेच्या प्रवाहाचा अभ्यास करणारी होती, त्यांनी थेंब कुठवर उडतात एवढंच दाखवलं, त्यानं लागण होते का हे नाहीच. शिवाय मागे न राहता शेजारून पळालं तर हे थेंब अंगावर येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, हेही त्यांनीच सांगितलं होतं. तो भाग कुणी फॉरवर्ड केला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तरी भीती अगदीच खोटी नाहीये. बसल्या जागी आपण मिनिटाला ६ ते ८ लिटर हवा आतबाहेर करतो आणि जीव तोडून पळताना हाच आकडा १०० लिटरच्या वर जातो. नुसती हवाच नाही, तिच्याबरोबर बाहेर पडणारे बारीक कणही (एअरोसोल) वाढतात, आणि कसले वाढतात! म्युनिकच्या संशोधकांनी २०२२ मधे हे कण मोजले, तर आरामात बसलेला माणूस मिनिटाला साधारण ५८० कण सोडतो आणि पूर्ण दमेपर्यंत सायकल मारणारा ७६ हजारांच्या आसपास. गंमत म्हणजे ही वाढ सरळ रेषेत होत नाही, मध्यम व्यायामापर्यंत हळूहळू आणि तिथून पुढे एकदम उसळी. म्हणजे भरभर चालणारा आणि स्प्रिंट मारणारा यांना एकाच मापानं मोजून चालत नाही.

बंद जागेत याचं काय होतं ते दक्षिण कोरियातल्या चोनान शहरात दिसलं. २०२० च्या सुरुवातीला तिथे १२ ठिकाणच्या डान्स फिटनेस क्लासेसशी संबंधित ११२ जणांना कोरोना झाला, छोट्या खोल्या, जोरजोरात नाच, सगळे धापा टाकतायत. आणि लागण झालेल्यांपैकीच एक ट्रेनर पिलाटीस (संथपणे करायचे व्यायाम) आणि योगा शिकवत होती, तिच्या विद्यार्थ्यांपैकी मात्र कुणालाच झाला नाही. तिचा क्लास लहान होता हे खरं, पण श्वासाच्या जोराचाही त्यात हात असावा असं मला वाटतं.

आता हेच उघड्यावर आणा. समोरचा माणूस सिगारेट ओढतोय असं समजा, खोलीत तो धूर कोंडून राहतो, मैदानात दोन पावलांवर विरून जातो, पण त्याच्या तोंडासमोर जाऊन उभं राहिलात तर मैदानातही नाकात जाणारच. हिशोबच करू. तुम्ही ताशी ५ किमीनं चालताय, समोरून कुणीतरी ताशी १० नं पळत आलं, म्हणजे दोघांचा मिळून स्पीड सेकंदाला ४ मीटरच्या थोडा वर. दोन मीटरच्या आत तो जेमतेम एक सेकंद असतो, फार तर तुमचा एक श्वास! मागून ओव्हरटेक करून गेला तरी तीनेक सेकंद. कडेला सरका, जाऊ द्या त्याला.

खरी रिस्क यानंतर सुरू होते. पळून झालं की पाच-सहा जणांचा ग्रुप बाकापाशी गोल करून उभा, धाप अजून उतरलेली नाही, मास्क हनुवटीवर, मोठ्यानं हसणं बोलणं, आणि हे चांगलं वीस मिनिटं. जोरात बोललं की कण वाढतात, त्यात श्वास आधीच फुललेला, आणि अंतर हातभर. एका सेकंदाच्या जॉगरला शिव्या घालणारे लोक या घोळक्यात खुशाल उभे असतात. गप्पा मारायच्याच तर हळू चालत चालत मारा, शेजारी शेजारी, मधे अंतर ठेवून.

ओपन जिमच्या दांड्यांबद्दल लोक फार विचारतात. लॅबमधे हा व्हायरस स्टीलवर ३ दिवसांपर्यंत सापडला होता खरा, पण कडक उन्हासारख्या प्रकाशात लाळेतला बहुतेक व्हायरस काही मिनिटांत निकामी होतो, आणि अमेरिकेच्या सीडीसीनं (तिथली रोगनियंत्रण करणारी सरकारी संस्था) २०२१ मधे सांगितलं की पृष्ठभागाला हात लागून लागण व्हायची शक्यता साधारणपणे १० हजारांत एकापेक्षाही कमी. हात धुवा, तोंडाला लावू नका, बास. त्यापेक्षा दांडीपाशी लागलेली रांग बघा आणि गर्दी असेल तर सरळ दुसऱ्या वेळेला जा.

मास्कचं म्हणाल तर घामानं भिजला की श्वास घ्यायला त्रास होतो, जागतिक आरोग्य संघटनेनंही जोराचा व्यायाम करताना लावू नका असंच सांगितलं होतं. मोकळ्या ट्रॅकवर एकटे असाल तर खिशात ठेवा, गेटपाशी गर्दी लागली की चढवा. आणि ताप, खोकला, अंगदुखी यातलं काहीही असेल तर त्या दिवशी घरीच थांबा, दुसऱ्यांसाठी तर आहेच पण स्वतःसाठीही, कारण व्हायरल आजारात हृदयाच्या स्नायूंना सूज आलेली असू शकते आणि अशा वेळी जोरात पळणं जिवावर बेतू शकतं. बरं झाल्यावरही आधी काही दिवस चालणं, मग पळणं, आणि छातीत दुखलं किंवा धडधडलं तर थांबून डॉक्टरांकडे.