तैलरंगचित्रण आणि चित्रकाराचा रोजचा परिपाठ (पुणे)

तैलरंगचित्रण, पुण्यातील : वाळणाऱ्या तेलात खललेले रंग कॅनव्हासवर किंवा लाकडी फळीवर थराथराने चढवून चित्र सिद्ध करण्याची पद्धती, आणि तिच्यामुळे चित्रकाराच्या दिवसाला येणारा क्रम. पुण्याच्या सार्वजनिक व्यवहारात ‘तैलचित्र’ हा शब्द आता बराच सैल झाला आहे. संस्थांच्या सभागृहांत संस्थापकाच्या किंवा देणगीदाराच्या ‘तैलचित्राचे अनावरण’ होते, तेव्हा पडदा बाजूला सरल्यावर पुष्कळदा कॅनव्हासवर छापलेले छायाचित्र दिसते. तो अर्थ येथे अभिप्रेत नाही. पेशवेकाळापासून रुळलेला ‘तसबीर’ हा शब्द माध्यमनिरपेक्ष आहे. त्यामुळे जुन्या कागदांत तसबिरीचा उल्लेख आढळला, एवढ्यावरून ती तैलरंगातील होती असे ठरत नाही. पुण्यातील तैलरंगाच्या आरंभाविषयीचा घोळ बराचसा येथूनच सुरू होतो.

उगम : तैलरंगाचा शोध पंधराव्या शतकात फ्लेमिश चित्रकार यान व्हान आयिक याने लावला, ही समजूत इटालियन चित्रकार-चरित्रकार व्हाझारी याच्या १५५० मधील चरित्रग्रंथामुळे रूढ झाली व दीर्घकाळ टिकली. थिओफिलस या नावाने लिहिणाऱ्या बाराव्या शतकातील कारागीर-लेखकाच्या ग्रंथात जवसाच्या तेलात रंग खलण्याची कृती दिलेली आहे, हे जर्मन लेखक लेसिंग याने १७७४ मध्ये दाखवून दिले. २००८ मध्ये अफगाणिस्तानातील बामियान येथील लेण्यांच्या भित्तिचित्रांत वाळणाऱ्या तेलांचे अंश सापडले. ही चित्रे सुमारे सातव्या शतकाच्या मध्याची मानतात, आणि तेले अक्रोडाची वा खसखशीची असावीत असा निष्कर्ष आहे. व्हान आयिकने शोध लावला नाही, तर पारदर्शक थरांची रीत परिपूर्ण केली, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते.

बामियानच्या पुराव्यावरून तैलरंग मुळात आशियाई असल्याचे प्रतिपादन अधूनमधून केले जाते. ते सावधपणे घ्यावे. तेलाचा बंधक (रंगाची पूड धरून ठेवणारा पदार्थ) म्हणून वापर आणि त्या बंधकाच्या जोरावर उभी राहिलेली अखंड चित्रपरंपरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दख्खनमध्ये जवस आणि करडई ही दोन्ही वाळणाऱ्या तेलांची पिके जुनी असली, तरी मराठा काळातील वाड्यांच्या भिंतींवरील चित्रे बहुतांशी डिंक किंवा सरस यांत कालवलेल्या रंगांची आहेत. तेल घरात होते, रंगही होते. त्यांचा मेळ येथे चित्रासाठी घातला गेला नाही.

पुण्यातील प्रवेश : पुण्यात तयार झालेल्या तैलचित्रांपैकी निश्चित काळ सांगता येणारी सर्वांत जुनी चित्रे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराची आहेत. वेल्स १७९१ मध्ये मुंबईत उतरला आणि पुढच्या वर्षी पुण्याच्या दरबारात पोचला. सवाई माधवराव पेशवे, नाना फडणीस व सेवक यांचे त्याचे १७९२ चे चित्र लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे. पुण्यातील इंग्रज रेसिडेंट सर चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने याच सुमारास शनिवारवाड्यात चित्रशाळा सुरू झाली. तिचा काळ साधारणपणे १७९० ते १७९५ या दरम्यान धरला जातो. १७९५ च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव आणि नोव्हेंबरात वेल्स मृत्यू पावला. चित्रशाळेचा आश्रयदाता आणि तिचा शिक्षक असे काही आठवड्यांच्या अंतराने गेले. मॅलेटने १७९० मध्ये पेशव्यांशी केलेल्या तहाच्या दरबाराचे प्रसिद्ध तैलचित्र पुढे इंग्रज चित्रकार टॉमस डॅनिएलने वेल्सच्या रेखाटनांवरून लंडनमध्ये १८०५ मध्ये पूर्ण केले. (तह झाला तेव्हा वेल्स हिंदुस्थानात आलेलाच नव्हता; त्यामुळे चित्रातील प्रसंग प्रत्यक्ष पाहिलेला नाही, माणसे आणि वास्तू मात्र पाहिलेल्या आहेत.)

या चित्रशाळेवरून पुण्यातील तैलरंगपरंपरा अठराव्या शतकापर्यंत मागे नेण्याचा मोह होतो. त्याला अडचण आहे ती गंगाराम चिंतामण तांबट (नवगिरे) याच्या कामाची. मॅलेट व वेल्स यांच्याबरोबर राहून पाश्चात्त्य यथादर्शन (सपाट पृष्ठावर खोली व अंतर दाखविण्याची रीत) शिकलेला हा सर्वांत ज्ञात पुणेकर चित्रकार. वेरूळ व कार्ले येथील लेण्यांची त्याची चित्रे उपलब्ध आहेत, परंतु ती रेखाटने व पातळ जलरंग या स्वरूपाची आहेत. म्हणजे पुण्याने वेल्सकडून उचलले ते यथादर्शन आणि छायाप्रकाश. तेल, कॅनव्हास आणि वाळण्याची वाट पाहणे हा भाग साहेबाबरोबरच संपला. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्याचा अंतर्भाग भस्मसात झाल्याने वास्तूतील पुरावाही उरला नाही. सलग परंपरेचा आरंभ मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेच्या (स्थापना १८५७) शिक्षणानंतरच्या काळात धरणे, हे मत म्हणूनच अधिक ग्राह्य वाटते.

मधल्या काळात सामान्य पुणेकराला तैलचित्र भेटले ते छापील रूपात. पुण्यातील चित्रशाळा छापखाना (१८७८) देवादिकांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछापाची चित्रे घरोघर पोचवीत होता. राजा रविवर्मा यांचा मुंबईत १८९४ मध्ये निघालेला छापखाना १८९९ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातील मळवली येथे हलविण्यात आला. तेथून निघणाऱ्या ओलिओग्राफांवर (तैलचित्रासारख्या दिसणाऱ्या रंगीत छापील चित्रांवर) तैलरंगाची तकाकी आणि कॅनव्हासचा पोत मुद्दाम आणलेला असे.

विसाव्या शतकात पुण्याशी जोडले गेलेले सर्वांत मोठे तैलरंगकार म्हणजे गोपाळ देऊसकर (१९११–९४). अहमदनगरात जन्म, मुंबईत शिक्षण आणि निजामाच्या शिष्यवृत्तीवर लंडनच्या रॉयल अकादमीत अध्ययन असा त्यांचा प्रवास होता. बालगंधर्व रंगमंदिरातील (१९६८) बालगंधर्वांची स्त्रीवेशातील व पुरुषवेशातील भव्य चित्रे त्यांची आहेत. नाटकाच्या मध्यंतरात ती न पाहिलेला पुणेकर विरळा. शालूची झळाळी त्यांनी कशी आणली, हे मात्र जवळून पाहावे लागते: काठाची जर रेघांनी काढलेली नाही, जाड रंगाच्या मोजक्या ठोक्यांनी सुचविली आहे.

प्रशिक्षण : टिळक रस्त्यावरील अभिनव कला महाविद्यालय हे शहरातील प्रमुख केंद्र. शालेय पातळीवरील एलिमेंटरी व इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा पाण्यात मिसळणाऱ्या रंगांवर बेतलेल्या असल्याने विद्यार्थ्याच्या हाती तैलरंग उशिरा येतो. पुण्याची निसर्गचित्रणाची ओढही जलरंगाकडे अधिक आहे. ओले कॅनव्हास दुचाकीवरून पर्वतीपायथ्यापासून घरी आणण्याची खटपट एकदा केली, की ही ओढ का, हे उमगते.

वाळण्याचे शास्त्र : जलरंगातील पाणी उडून जाते, जवसाचे तेल उडत नाही. ते हवेतील ऑक्सिजन शोषून घेते, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि घट्ट पापुद्रा तयार होतो. म्हणून तैलरंग ‘सुकतो’ म्हणण्यापेक्षा ‘आळतो’ म्हणणे नेमके ठरावे. पातळ थर काही दिवसांत हाताला लागेनासा होतो. जाड थर आतून आळायला सहा महिने ते वर्षही लागते. प्रत्येक रंगाचा वेग निराळा असतो. अंबर या तपकिरी मातीरंगातील मँगनीज आणि कोबाल्ट निळ्यातील कोबाल्ट ही प्रक्रिया वेगवान करतात. कॅडमियमचे पिवळे-तांबडे, अलिझरिन आणि आयव्हरी काळा मागे रेंगाळतात. करडईचे तेल जवसापेक्षा कमी पिवळे पडते, म्हणून पांढऱ्या रंगांत वापरतात, पण ते सावकाश आळते. झिंक व्हाइटचा थर कालांतराने ठिसूळ होतो. त्यामुळे खालच्या थरांत तो टाळून टायटॅनियम व्हाइट घेणे इष्ट.

या असमान वेगातूनच ‘खाली रूक्ष, वर स्निग्ध’ हा नियम निघतो. आरंभीच्या थरांत टर्पेंटाइन अधिक, नंतरच्या थरांत तेल अधिक. उलट केल्यास वरचा थर आधी आळतो, खालचा नंतर हलतो आणि चित्राला तडे जातात.

कॅनव्हास तयार करताना मांजरपाट किंवा जाड सुती कापड चौकटीवर ताणून त्यावर सरसाचा व नंतर पांढऱ्या अस्तराचा हात देण्याची जुनी रीत आहे. आता बहुतेक ठिकाणी तयार ॲक्रिलिक जेसो (पांढरे अस्तर) वापरतात. पुण्याच्या हवेत हा बदल केवळ सोयीचा नाही. सरस दमट हवा शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो. एप्रिलात करकरीत ताणलेला सरसाचा कॅनव्हास जुलैत ढोलकीच्या उतरलेल्या पुडीसारखा होतो. चौकटीच्या कोपऱ्यांतील पाचरा ठोकून तो पुन्हा ताणता येतो. मात्र पावसाळ्यात ठोकलेल्या पाचरा हिवाळ्यापूर्वी सैल न केल्यास ताण रंगाच्या थरावर येतो.

उत्तरेचा उजेड : चित्रशाळेची खिडकी उत्तरेला असावी, हा युरोपीय पाठ्यपुस्तकांतून आलेला दंडक पुण्यातील शिक्षकही सांगतात. लंडन-पॅरिसच्या अक्षांशावर दुपारचा सूर्य वर्षभर दक्षिणेकडे असतो, त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतून कामाच्या वेळी परावर्तित, स्थिर, किंचित थंड उजेड मिळतो. पुणे सुमारे १८.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत सूर्य दिवसभर उत्तर बाजूलाच राहतो. २१ जूनला तो पूर्वेच्या सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतो आणि मध्यान्ही डोक्यावरून जेमतेम ५ अंश उत्तरेकडे कललेला असतो. मध्यान्हीचे ऊन खिडकीवरच्या छज्जाने अडते. सकाळी आणि संध्याकाळी मात्र ते तिरपे थेट ईझलवर येते. छतातून उजेड घेणाऱ्या चित्रशाळेत तर दुपारचे ऊनही सरळ खाली पडते. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर ढगांमुळे प्रश्न आपोआप सुटत असल्याने प्रत्यक्षात त्रास होतो तो वैशाख-ज्येष्ठात. त्यावर तलम पांढरा पडदा, ट्रेसिंग पेपर किंवा दिवसाच्या उजेडाशी जुळणारे दिवे असे उपाय केले जातात. दंडक चुकीचा नाही; तो ज्या आकाशासाठी बनला, ते आकाश हे नव्हे.

दिवसाचा क्रम : पुण्यात स्वतंत्र चित्रशाळा थोड्यांच्याच वाट्याला येते. वाड्याची माडी, फ्लॅटची बंद केलेली गॅलरी, गच्चीवरची खोली किंवा मोटार बाहेर काढून मोकळे केलेले गॅरेज यांवर भागते. गायकांच्या शेजारामुळे असेल, पण रोजच्या कामाला येथील चित्रकारही ‘रियाझ’ म्हणतात, आणि समोर बसलेल्या माणसावरून एका दमात केलेल्या कामाला ‘बैठक’.

दिवसाची सुरुवात कालचा थर तपासण्याने होते. बोटाच्या पेराने हलके स्पर्शून तो ओला, चिकट की आळलेला हे पाहतात. ओला असेल तर ओल्यात ओले काम चालू ठेवता येते. आळला असेल तर पारदर्शक थर चढविता येतो. चिकट अवस्थेत ब्रश खालचा रंग खेचून आणतो, म्हणून त्या दिवशी ते चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतात. यासाठीच तीन-चार कॅनव्हास एकाच वेळी चालू ठेवण्याची रीत आहे. सकाळच्या उजेडातले एक, दुपारनंतरचे दुसरे, अशीही वाटणी असते. रात्रीत फिके, मुके पडलेले भाग असतील तर त्यांवर तेलाचा अगदी पातळ हात फिरवून पुसून घेतात; मग गडद रंग पूर्ववत खोल दिसतो आणि पुढची छटा चुकत नाही.

पॅलेट मांडण्याचा क्रम व्यक्तिगत असतो, पण एकदा ठरला की बदलत नाहीत, कारण हात न पाहता रंगाकडे गेला पाहिजे. आरेखनातील चूक पकडण्यासाठी चित्र आरशात पाहणे आणि छटा तोलण्यासाठी डोळे किलकिले करणे या सवयी सार्वत्रिक आहेत. उरलेल्या रंगावर साय धरू नये म्हणून पॅलेट रात्री पाण्यात बुडवून ठेवतात. ऑक्सिजन तुटला की आळणे मंदावते. ब्रश टर्पेंटाइनने धुऊन मग कपड्यांच्या साबणाच्या वडीवर घासतात. जवसाच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकणे धोक्याचे असते: तेल आळताना उष्णता निघते, बोळ्यात ती साठते आणि फडके आपोआप पेट घेऊ शकते. अशी फडकी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

चित्राचे बदलणे : तैलरंगात खरवडता येते, पुसता येते, झाकताही येते. त्यामुळे चित्र आराखड्याप्रमाणे पुरे होण्याऐवजी कामातून बदलत जाते. पार्श्वभूमीतील दार नाहीसे होते, हाताची जागा हलते, तांबड्यावर राखाडी येते. झाकलेले कायमचे झाकले जाते असे मात्र नाही. तेलाचा थर जुना होताना अधिक पारदर्शक होत जातो आणि काही दशकांनी खालचा हात पुन्हा अंधुक दिसू लागतो. इटालियन भाषेत याला असलेल्या संज्ञेचा अर्थ ‘पश्चात्ताप’ असा होतो. जुनी व्यक्तिचित्रे तिरप्या उजेडात पाहिल्यास असे फेरफार ओळखता येतात, आणि प्रत व मूळ यांत भेद करण्यासही त्यांचा उपयोग होतो, कारण नक्कल करणाऱ्याला मन बदलावे लागत नाही.

प्रदर्शन व जपणूक : बालगंधर्व रंगमंदिर आणि घोले रस्त्यावरील राजा रविवर्मा कलादालन यांसारख्या दालनांच्या तारखा आगाऊ ठरतात, रंग त्या पाळत नाही. परिणामी भिंतीवर लागणारी पुष्कळ चित्रे आतून कोवळीच असतात. अशा चित्रांना अंतिम व्हार्निश देता येत नाही. त्याऐवजी तकाकी सारखी करणारे पातळ तात्पुरते व्हार्निश मारतात आणि अंतिम हात सहा महिने ते वर्षभराने, शक्यतो पावसाळा टाळून देतात. कोवळ्या चित्राला फुगेवाले प्लॅस्टिक थेट गुंडाळल्यास फुग्यांची गोल नक्षी रंगावर उमटते, म्हणून मध्ये सिलिकोनचा लेप असलेला गुळगुळीत कागद घालून चित्र सुटे उभे ठेवून नेतात.